मारिट बोटीवरची अव्वा

दर वर्षी मे महिन्यात मी ट्रंक उघडते आणि अव्वाचा, म्हणजे आमच्या आईचा, कोट गच्चीवर उन्हात घालते. बीदरला ऐन मेमध्ये तारेवर लोकरीचा कोट बघून शेजारच्या बायका हसतात. गडद निळा, जाड, गुडघ्याखाली येणारा कोट. इथं तो कुणी कधी घातला नाही; घालावा अशी थंडीच पडत नाही. डांबराच्या गोळ्यांचा वास उडून गेला की अस्तरातून दुसरा वास वर येतो. त्यात डिझेल आहे, खारी हवा आहे, आणि धुरी दिलेल्या माशांचाही वास आहे. अव्वा जन्मभर शाकाहारी. गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे. पण कोट काय करील, ज्या बाजारांतून हिंडला तिथला वास त्यानं घेतला.

हा कोट अव्वानं इरकली लुगड्यावर घातला होता. पायांत लोकरीचे मोजे आणि माझे कॅनव्हासचे बूट. अशी ती डेन्मार्क, जर्मनी आणि स्वीडनच्या जुन्या बंदरांतून हिंडली. कमलनगरच्या स्टेशनरोडवरची, पासष्टी ओलांडलेली बाई. त्याआधी तिनं समुद्र सोडा, मोठी नदीसुद्धा आगगाडीच्या खिडकीतूनच पाहिली होती.

समुद्र आमच्या घरात शब्द म्हणून मात्र फार आधीपासून होता. आमच्या वडिलांचं, अप्पांचं, किराणा दुकान स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. गूळ, लाल मिरच्या, गोणपाट आणि खडेमीठ यांचा मिळून एक वास दुकानाला होता, आणि तो अप्पांच्या धोतरालाही होता. मिठाचा डबा मालगाडीला लागून आला की हमाल पोती उतरवायचे, आणि उतरवताना सांडलेले खडे आम्ही पोरं वेचून चोखायचो. "हे कुठनं येतंय?" म्हणून अण्णानं विचारलं, तेव्हा अप्पा म्हणाले होते, "समुद्रातनं." अण्णाला वाटायचं, समुद्र म्हणजे उदगीरच्या पुढचं कुठलं तरी स्टेशन.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, शिवराज. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. शाळेत त्याची सुरुवात उर्दूनं झाली, मग मराठी आली, आणि आमचा जिल्हा मैसूर राज्यात गेला तेव्हा कानडीही गिरवावी लागली. तीन लिप्या शिकून झाल्यावर तो मुंबईला बोटीच्या इंजिनांचं शिक्षण घ्यायला गेला आणि तिथून पाण्यावर. मी लहान असताना तो दोन वर्षांनी एकदा यायचा. पेटीत माझ्यासाठी निळ्या डब्यातली बिस्किटं असायची. डबे रिकामे झाले की अव्वा त्यांत तीळ आणि जवस भरून ठेवायची.

पुढं पुढं आला की तो मोठ्यानं बोलायचा. बाजारात मागून कुणी हाक मारली तर थांबायचा नाही. "साहेब झालाय," लोक म्हणायचे. अप्पा हसून सोडून द्यायचे.

अप्पा गेले ते पेरणीच्या दिवसांत. शेतात त्यांना माती दिली आणि दुसऱ्या दिवशी अव्वा, मी आणि चुलते बीदरच्या तारघरात आलो. अण्णाच्या बोट कंपनीच्या कचेरीचा फोन नंबर आमच्याकडं होता. बोट त्या आठवड्यात तिथंच बंदरात आहे एवढंही ठाऊक होतं. सकाळी नंबर नोंदवला आणि बाकावर बसून राहिलो. पंखा फिरत होता, पण वारा लागत नव्हता. दुपार कलली तेव्हा आतून ऑपरेटर ओरडला, "आओ अम्मा, लाइन लगी! जल्दी बोलो, कट जाती!"

अव्वानं आयुष्यात पहिल्यांदा फोन हातात घेतला. तो तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

"शिव्या, अप्पा गेले रे. ऐकायलास का? तुझे अप्पा गेले."

पलीकडून अण्णाचा आवाज इतका मोठा आला की बाजूला उभ्या असलेल्या मलाही स्पष्ट ऐकू आला.

"बरं, अव्वा, बरं! मी मजेत हाय! समदं बरं हाय!"

"आरं, अप्पा गेले म्हणायलेय मी!"

"व्हय, व्हय! बरं! बरं!"

अव्वानं फोन खाली ठेवला. लाइन कटली नव्हती, तिनंच ठेवला. परतीच्या वाटेवर भालकीला बस थांबली, चुलत्यांनी खिडकीतून चहा दिला, तो तिनं हातात धरला आणि गार झाल्यावर बाहेर ओतला.

चुलत्यांनी तारही केली होती. पुढं अण्णाचं पत्र आलं, पानंच्या पानं. मी वाचून दाखवायला लागले तर अव्वा म्हणाली, "ठिव तिकडं. चिठ्ठी हातानं लिव्हतेत. तोंडातनं काय निघालं, ते म्या कानानं ऐकलंय."

त्यानंतर चार-पाच वर्षं अण्णा आला नाही. का आला नाही, याची कारणं असतील, ती मी मांडत बसत नाही. अव्वा त्याचं नाव घ्यायची, पण कामापुरतं. शेजारणीनं विचारलं की सांगायची, "हाय तितं. बरा हाय म्हणतोय."

मग एका हिवाळ्यात त्याचा निरोप आला. तो तेव्हा मारिट नावाच्या छोट्या प्रवासी बोटीवर मुख्य इंजिनिअर होता. हंगामाच्या पहिल्या सफरीला घरची दोन माणसं बोटीवर आणायची मुभा त्याला होती. मी तेव्हा बीदरच्या शाळेत शिकवत होते. मेमध्ये सुट्टीच होती. मी कमलनगरला जाऊन भीत भीत अव्वाला सांगितलं. ती जोंधळे निवडत होती. हात थांबवले नाहीत.

"जाऊ," म्हणाली.

"अव्वा, लई लांब हाय."

"आसू दे. त्याला एक गोष्ट इचारायची हाय. तोंडावर इचारायची."

थोड्या वेळानं सूप झाडत तिनं पुढचं सांगितलं, "आन् घिऊन यायचं हाय त्याला. बास झालं पाणी."

तर असे आम्ही निघालो. सामानात वाळवलेल्या खडक भाकरींची चळत, शेंगांची चटणी, लोणचं, भस्माची डबी आणि वाळवलेली बेलाची पानं. कोपनहेगनच्या धक्क्यावर अण्णा उभा होता. दाढी वाढलेली, अर्धी पांढरी. तो सगळ्यांदेखत अव्वाच्या पाया पडला, मग हातातला निळा कोट तिच्या खांद्यावर घातला आणि ओरडून म्हणाला, "थंडी हाय, अव्वा! बटणं लाव!"

"वरडू नगंस," अव्वा म्हणाली. "मी काय बहिरी हाय?"

अण्णा हसला. त्याचं लक्ष तिच्या तोंडाकडं होतं. मला वाटलं, किती दिवसांनी आईचं तोंड बघतोय.

मारिट बोट पांढरी होती, पाच-सहा एस्ट्या एकामागं एक उभ्या केल्या तर होतील एवढी लांब. मोठ्या जहाजांना जिथं शिरता येत नाही, अशा नदीच्या आतल्या जुन्या बंदरांत ती शिरायची, म्हणून तिच्यावर लोक यायचे. बहुतेक म्हातारे. गळ्यात दुर्बिणी, हातात नकाशे. संध्याकाळी एक गृहस्थ पडद्यावर चित्रं दाखवून व्यापाऱ्यांच्या जुन्या गावांचा इतिहास सांगायचे. कुठल्या गावानं कुणाला धान्य विकलं, कुठं लोकर उतरली, कुठं मेण. मी अव्वाला थोडक्यात सांगायची. तिला ते सोपं वाटायचं. "म्हंजी अडत," ती म्हणायची.

आमची खोली अण्णाच्या इंजिनांच्या वरच होती. जमीन सतत हलकी थरथरायची, पिठाच्या गिरणीसारखी. सकाळी अव्वा दोन पलंगांच्या मधल्या जागेत मांडी घालून बसायची, डाव्या तळहातावर लिंग घ्यायची आणि पूजा करायची. बोट कलली की तिचा तळहातही बोटीबरोबर कलायचा, डोळे मात्र मिटलेलेच असायचे. खिडकीच्या गोल काचेवर पाणी आपटून खाली ओघळायचं.

पंचाईत व्हायची ती संध्याकाळची. सांजेची पूजा दिवस मावळल्यावर करायची हा तिचा नेम, आणि तिथं दिवस मावळतच नव्हता. जेवणं आटपायची, लोक पत्ते खेळून उठायचे, तरी पश्चिमेला ऊन तसंच. अव्वा डेकवर कोट घालून बसून राहायची.

"सांजच व्हईना की गं," म्हणायची. "ह्या लोकान्ला घरी कवा जायचं ते कसं कळतंय?"

तिच्या शेजारच्या खुर्चीवर हांबुर्गच्या एक बाई बसायच्या, हेल्गाबाई. नवरा त्याच वर्षी वारलेला. त्यांना मराठी येत नव्हतं, अव्वाला जर्मन येत नव्हतं, आणि मी दोघींच्या मधे कधी बसले तर दोघींनाही मी नको असायची. अव्वानं त्यांना खडक भाकर आणि चटणी दिली. हेल्गाबाईंना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. पाणी प्यायल्या आणि पुन्हा हात पुढं केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी अव्वाला हिरव्या लोकरीचे मोजे आणून दिले. "नवऱ्याचे आसतेल," अव्वा म्हणाली, आणि पायात घातले.

ल्यूबेकला आम्ही नदीतून गेलो. दोन्ही बाजूंना लव्हाळी, त्यात बदकं, आणि दूरवर गावाचे टोकदार मनोरे. गाव सगळं लाल विटांचं. वेशीजवळ नदीच्या काठाला उंच निमुळत्या कपाळाची घरं एकमेकांना टेकून उभी होती. ती मिठाची कोठारं असं सांगितल्यावर अव्वा थांबली.

"नुसत्या मिठासाटी येवढी?"

"व्हय," अण्णा म्हणाला. "इथनं मीठ जायचं, तिकडनं खारवलेले मासे यायचे. त्याच्यावर हे गाव उभं हाय."

अव्वा भिंतीला हात लावून आली. म्हणाली, "तुझ्या अप्पान्ला दाखवाया पायजे होतं." अप्पांचं नाव ती अण्णापुढं पहिल्यांदाच घेत होती. तो तेव्हा कोठारांकडं बघत होता, तिच्याकडं नाही. अव्वाचा चेहरा मी पाहिला. तारघरातून निघताना होता तसाच झाला होता.

तिथल्या मोठ्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, एका कोपऱ्यात दोन प्रचंड घंटा फुटून पडलेल्या आहेत. लढाईत बाँब पडले, मनोरा पेटला आणि त्या वरून खाली आल्या. फरशी फोडून जिथं रुतल्या तिथंच त्यांना राहू दिलंय. पितळी तुकडे, वाकलेले, काळवंडलेले. जवळ मेणबत्त्या जळत होत्या आणि गार दगडाचा वास होता. लोक कुजबुजत होते. अव्वा कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली.

"उचलल्या न्हाईत?"

"न्हाई," मी म्हणाले. "मुद्दाम तसंच ठेवलंय."

"बरं केलं," ती म्हणाली.

कितीतरी दिवस ती अण्णाला ती गोष्ट विचारील म्हणून मी जीव मुठीत धरून होते. जेवताना अण्णा नेहमी तिच्या समोर बसायचा आणि स्वतःच बोलत राहायचा. कुठल्या बंदरात पाणी कसं गोठतं, हिवाळ्यात बोट दोरखंडानं बांधून कशी झोपवतात, खलाशी कुठली शिवी कशी देतात. अव्वा ऐकायची. विचारत मात्र नव्हती. मधे काल्मार झालं. पाण्यातला किल्ला, त्याच्या खंदकात हंस, आणि किल्ल्याच्या आत गार अंधार. तिथंही काही नाही. मला वाटू लागलं, न विचारताच परत जाणार.

मग व्हिस्बी आलं. बेटावरचं गाव आणि त्याला सबंध वेढा घातलेली दगडी तटबंदी. बुरूज, दरवाजे, दरवाज्यातून आत गेलं की खालीवर जाणाऱ्या गल्ल्या. जांभळ्या फुलांची झाडं भिंतींवरून बाहेर ओणवली होती. लायलॅक म्हणतात त्याला. त्या वासानं गल्लीच्या गल्ली भरून गेली होती. तटाच्या फटींतून कावळ्यांच्या जातीची लहान काळी पाखरं कलकलत उडत होती.

"हे तर आपल्या बीदरच्या किल्ल्यावानीच की," अव्वा म्हणाली. "फकस्त दगड पांढरा हाय."

इंजिन बंद होतं, म्हणून अण्णाला दिवसभर सुट्टी होती. तो हात मागं बांधून आमच्या पुढं चालला होता. तेवढ्यात मागून टपालवाली बाई सायकलवरून उतार उतरत आली. घंटी वाजवत होती. आम्ही दोघी भिंतीला टेकलो. अण्णा रस्त्याच्या मधून चालतच राहिला. ती घंटी वाजवत अगदी जवळ आली, सायकल एकदम वळवली, पडता पडता वाचली आणि जाताना काहीतरी तोडून बोलली. अण्णा दचकला, हात वर करून तिची माफी मागितली आणि पुन्हा चालू लागला.

अव्वा जागच्या जागी उभी राहिली.

"शिव्या," तिनं हाक मारली. साधीच.

अण्णा चालला होता.

"शिवराज!" आता मोठ्यानं. पाखरं उडाली. अण्णानं मान वळवली नाही.

मी हाक मारायला तोंड उघडलं, तर अव्वानं माझं मनगट दाबलं. गल्ली संपून समुद्राकडच्या तटाशी निघत होती. अण्णा तिथं जाऊन पाण्याकडं तोंड करून उभा राहिला. अव्वा चालत गेली आणि त्याच्या पाठीमागं, हाताच्या अंतरावर थांबली. मग शेजारणीकडं विरजण मागावं तशा आवाजात तिनं विचारलं,

"अप्पा गेले म्हणून सांगितलं, तवा तू बरं कामून म्हणलास रे?"

अण्णा समुद्राकडं बघत होता. त्यानं वाकून तटाच्या फटीतलं एक पिवळं फूल तोडलं, वास घेतला, बोटांत फिरवलं. वारा आमच्याकडूनच त्याच्याकडं वाहत होता.

अव्वा खाली दगडावर बसली. बऱ्याच वेळानं अण्णा वळला आणि घाईनं जवळ आला.

"दमलीस व्हय, अव्वा?"

तिनं हातानं त्याला खाली बसवलं. त्याचे दोन्ही कान हातांत धरले, लहानपणी न्हाऊ घालताना आत साबण राहिलाय का बघायला धरायची तसे.

"कवापासनं?"

अण्णानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. त्यानं सोंग केलं नाही.

"लई वर्सं झाली. इंजिनात राहून राहून गेलं. आधी एक गेला, मग दुसरा. आता तोंड दिसलं तर कळतंय, न्हाईतर न्हाई." खिशातून त्यानं कानात घालायचं यंत्र काढून दाखवलं. "हे हाय. पर घातलं की नुसता गोंगाट व्हतोय. फोनवर तर काईच कळत न्हाई."

"बोटीवर ठावं हाय?"

"समद्यान्ला ठावं हाय. खाली कुणालाच ऐकू येत न्हाई, हातानं बोलतेत. घरीच तेवढं सांगितलं न्हवतं."

"कामून?"

अण्णानं यंत्र परत खिशात ठेवलं. मग म्हणाला, "अप्पान्ला वाटलं आसतं, मीठ विकलं आसतं तर कान तरी राहिले आसते."

अव्वा हसली. डोळे भरले होते, पण हसली. उठून कोटावरची माती झाडली आणि म्हणाली, "चल. माज्यासमोर बस कुठंतरी. तुला समदं सांगायचं हाय."

व्हिस्बीत जुनी देवळं आहेत, छप्पर नसलेली. कमानी उभ्या आहेत आणि वर नुसतं आभाळ. आत गवत वाढलेलं. तशा एका देवळात, पडक्या खांबाच्या दगडावर ती दोघं समोरासमोर बसली आणि अव्वानं अप्पांचं जाणं सांगितलं. सावकाश, एकेक शब्द ओठांनी घडवत. दुखणं कसं सुरू झालं. उदगीरच्या डॉक्टरनं काय सांगितलं. अप्पांनी बाज दुकानात टाकायला लावली ती कशी. आंबील प्यायले आणि मीठ कमी पडलं म्हणाले. अण्णाला बोलवावं का म्हणून चुलत्यांनी विचारलं तेव्हा काय म्हणाले.

"काय म्हणले?" अण्णानं विचारलं.

"म्हणले, त्याच्याकडं उन्हाळा थोडाच आसतोय. आत्ताच कामाचे दिस हायत. बोलवू नगा."

हे खरं होतं. मी तिथंच होते. अप्पा असंच म्हणाले होते, आणि अव्वानं ते फोनवर सांगायचं म्हणून मनात धरून आणलं होतं. तारघरात तेवढी पाळी आली नव्हती.

अण्णा रडला. आवाज फुटू नये म्हणून माणूस तोंड दाबतो, पण त्याला स्वतःचा आवाज कळत नव्हता, म्हणून तो मोकळा रडला. बाहेरून जाणारी दोन माणसं कमानीत थबकली आणि अदबीनं निघून गेली. अव्वा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. गवतात ऊन पडलं होतं, मधमाश्या होत्या. तिथून आम्ही बोटीवर आलो तेव्हा सगळ्यांना भूक लागली होती. आचाऱ्यानं उकडलेले बटाटे आणि दही दिलं, आणि अव्वानं लोणच्याची बरणी टेबलावर ठेवून सगळ्यांना वाढलं.

पुढचे दिवस बोलण्यातच गेले. स्टॉकहोमकडं जाताना समुद्रात हजारो बेटं लागतात. कुठं एकच घर, कुठं एकच झाड. बोट त्यांच्यामधून हळू हळू चालली होती. तिघंही डेकवर होतो. लांबलेल्या संध्याकाळचं ऊन पाण्यावर आडवं पडलं होतं. अण्णा मधेच म्हणाला,

"अव्वा, बीदरहून फोन आलता तवा मला काईच कळलं न्हाई. नुसती खरखर. तू खुशाली इचारायलीस आसं वाटलं. मी काय बोललो गं तवा?"

अव्वानं त्याच्याकडं तोंड वळवलं. त्याला नीट दिसावं म्हणून डोक्यावरचा पदर थोडा मागं सारला.

"काय बोलणार?" ती म्हणाली. "रडलास. माज्यापेक्षा जास्ती रडलास. म्हणून तर म्या फोन ठिवला."

अण्णानं मान हलवली. त्याला ते पटल्यासारखं दिसलं. कुठल्या तरी बेटावरच्या दिव्याच्या मनोऱ्याकडं तो बघत राहिला. अव्वानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. या गोष्टीवर ती आणि मी पुढं कधीही बोललो नाही.

स्टॉकहोमच्या धक्क्यावर हेल्गाबाईंनी तिला मिठी मारली. अव्वाला मिठीची सवय नव्हती. ती हात खाली सोडून ताठ उभी राहिली, मग हळूच त्यांच्या पाठीवर थोपटलं. अण्णाला घेऊन यायचं म्हणून आली होती, पण ते तिनं त्याला सांगितलंच नाही. एवढंच म्हणाली, "हिवाळ्यात बोट झोपते म्हणलास न्हवं? तवा ये. घरी झोप."

कमलनगरला पोचल्यावर तिनं लपवलं काहीच नाही. दुकानात, देवळात, नळावर, जो भेटेल त्याला सांगितलं, "माझ्या शिव्याला ऐकू येत न्हाई. तो आला की म्होरं यून बोलायचं. मागनं हाक मारून साहेब झालाय म्हणायचं न्हाई." डिसेंबरात अण्णा आला तेव्हा लोक खरोखरच वळसा घालून त्याच्यापुढं यायचे आणि मग रामराम घालायचे. एकजण तर घाईत असूनही आगगाडी सोडून आधी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

दोन हिवाळे तो असा येऊन गेला. तिसऱ्या वर्षी मारिट कुणा दुसऱ्याला विकली गेली आणि अण्णा आला तो राहिलाच. शेतांवरच्या पाण्याच्या मोटारी, गिरणीचं इंजिन, ट्रॅक्टर असं दुरुस्तीचं काम करू लागला. अप्पांच्या दुकानाच्या अर्ध्या भागात त्याची अवजारं मांडलेली असायची, अर्ध्या भागात किराणा. वास मिसळून गेले होते.

अव्वा गेली ती त्याच घरात, पुढं काही वर्षांनी. तिच्या घशाला काहीतरी झालं. लातूरला नेलं, हैदराबादला नेलं, शेवटी ती म्हणाली घरी चला. मग हळूहळू तिचा आवाज गेला. ती बोलायची, पण नुसते ओठ हलायचे. मी कान तिच्या तोंडाशी न्यायची, चुलत्यांच्या सुना वाकून वाकून बघायच्या, कुणाला काही कळायचं नाही, आणि आम्हाला कळत नाही म्हणून ती डोळे मिटून घ्यायची.

अण्णा बाजेच्या पायथ्याशी बसायचा, तिचं तोंड दिसेल असा. पहिल्याच दिवशी तो तिथून म्हणाला, "पाणी मागायलीय." पाणी दिलं. "खिडकी उघडा म्हणायलीय." उघडली. त्यानंतर घरात सगळे त्यालाच विचारू लागले. अव्वा काय म्हणाली, अण्णा? आणि तो सांगायचा. उशी सरकवा. त्या पोरीला गूळ द्या, कवाची उभी हाय. गाडी आली का, धूर दिसायलाय.

शेवटच्या दुपारी ती त्याच्याकडं बघून काहीतरी म्हणाली. ओठ दोनदा हलले. आम्ही सगळे अण्णाकडं बघू लागलो.

"काय म्हणतेय?" मी त्याच्यासमोर जाऊन विचारलं.

त्यानं मला सांगितलं नाही. तो तिच्याजवळ सरकला, आणि त्याच्या त्या मोठ्या आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला,

"जेवलो, अव्वा. पोटभर जेवलो."